फाशाकडून वृक्षाकडे

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांचा एक प्रकार असा आहे की, त्यात शत्रूची गाठ पडण्यापूर्वीच खेळाडूचा पराभव निश्चित झालेला असू शकतो. ‘ॲक्शन रोल-प्लेइंग गेम’ या नावाने तो ओळखला जातो. पडद्यावर एक वीर असतो. तो कधी खड्गधारी योद्धा असतो, कधी धनुर्धारी, कधी मांत्रिक. त्याच्या रूपाने खेळाडू भुयारांतून व उद्ध्वस्त नगरांतून राक्षसांशी झुंजत पुढे जातो. झुंज क्षणाक्षणाची असते आणि तीत विचाराला सवड नसते. परंतु काही शत्रू निःपात पावले म्हणजे वीराची पातळी एका पायरीने वाढते, त्याला थोडे गुण बक्षीस मिळतात, आणि ते कोठे खर्च करावयाचे हे खेळाडूला ठरवावे लागते. शक्ती वाढवावी की चपळाई? अग्नीची विद्या शिकावी की हिमाची? अशा शेकडो लहान निर्णयांतून त्या वीराला जो आकार येतो, त्याला खेळणारी मंडळी ‘बिल्ड’ म्हणतात. आपण त्याला पात्राची घडण म्हणू.

नवा खेळाडू अडखळतो तो या घडणीपाशी. त्याचा हात चपळ असतो आणि नजर तीक्ष्ण असते. चाळीस-पन्नास तास तो उत्साहाने खेळतो, आणि मग एका दारापाशी असे घडते की त्याच्या वीराचे घाव शत्रूला लागेनासे होतात आणि शत्रूचा एक घाव वीराला पुरेसा होतो. जाणत्यांना विचारावे तर उत्तर मिळते की चूक येथे झालेली नाही. ती दहाव्या तासाला झाली. आता नवा वीर घ्यावा आणि पहिल्यापासून आरंभ करावा. खेळच तो, असे म्हणून हे उत्तर हसण्यावारी नेता येईल. तथापि दिवसभराचे काम आटोपून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाचे पन्नास तास म्हणजे त्याच्या फुरसतीचे जवळजवळ दोन महिने होत. ते वाया गेले, आणि का गेले हेही त्याला नीट कळले नाही, तर दोष त्याच्या बुद्धीचा की खेळाच्या रचनेचा, हा प्रश्न गंभीरपणे विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर या खेळांच्या इतिहासात शोधावे लागते.

हा इतिहास आपल्याच भूमीवर सुरू होतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. सुमारे सहाव्या शतकात उत्तर भारतात चतुरंग खेळला जात होता. तो इराणात व अरबांकडे गेला आणि तेथून बुद्धिबळाच्या रूपाने युरोपात पोहोचला. बुद्धिबळातील हत्ती हा हत्तीच असतो. शंभर डाव खेळला तरी तो बलाढ्य होत नाही की शहाणा होत नाही. प्यादे पटाच्या टोकाला पोहोचले तर वजीर होते, एवढाच काय तो उत्कर्ष या खेळाला ठाऊक आहे, आणि तोही त्या डावापुरता. १७८० मध्ये जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेलविग या गणिताच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट विस्तारून त्यावर डोंगर, नद्या व पलटणी आणल्या आणि युद्धाचा खेळ रचला. पुढे १८२४ मध्ये रायस्विट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने पटाऐवजी नकाशा घेतला, चढाईचा निकाल ठरविण्यासाठी फासा आणला आणि दोन्ही बाजूंवर एक पंच बसविला. प्रशियाच्या सैन्याने या खेळाचा आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उपयोग केला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने खेळण्यातल्या शिपायांनी लढावयाच्या युद्धाचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, आणि छावणीतला हा खेळ घरांतल्या दिवाणखान्यांत आला. या दीर्घ परंपरेत फासा होता, पंच होता, गणित होते. नव्हता तो एकटा माणूस. सर्वत्र पलटणी होत्या, आणि पलटणीला चरित्र नसते.

तो एकटा माणूस पुढे आला अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात. १९६९ मध्ये डेव्हिड वेसली याने आपल्या मित्रमंडळींसाठी मांडलेल्या एका युद्धखेळात प्रत्येक खेळाडूला पलटण न देता एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन याने ही कल्पना पुढे नेली. त्याच्या खेळातील व्यक्ती एका बैठकीनंतर संपत नसत. पुढच्या बैठकीला त्या पुन्हा येत, मागचा अनुभव गाठीशी घेऊन येत आणि हळूहळू सामर्थ्यवान होत. विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स याच्याशी त्याची गाठ पडली आणि दोघांच्या परिश्रमातून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. तीन लहान पुस्तिकांची एक पेटी, आणि पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार. आज जगात जेथे जेथे कोणी पडद्यावरील वीराची पातळी वाढवितो, तेथे त्या पेटीतील कल्पनांचाच वारसा चालतो.

या पेटीत पात्राची घडण कशी होत असे, हे पाहणे उद्बोधक आहे. पात्राला शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि प्रभाव असे सहा मूलगुण. प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकावयाचे आणि जी बेरीज येईल ती त्या गुणाच्या नावे लिहावयाची. बेरीज तीनपासून अठरापर्यंत कोणतीही येऊ शकते. पण एखाद्या गुणाला पुरे अठरा मिळण्याचा संभव दोनशे सोळांत एक. मूळ नियमांप्रमाणे हे फासेदेखील खेळाडूने टाकावयाचे नव्हते, पंचाने टाकावयाचे होते. म्हणजे वीर कसा जन्माला यावा, हे सर्वस्वी दैवाधीन होते. खेळाडूने करावयाचे ते एवढेच की, हाती आलेल्या माणसाला योग्य असा पेशा निवडावा आणि त्याला जपून खेळावे. यात अन्याय होता, पण पश्चात्ताप नव्हता. दुर्बळ वीर मिळाला तर कपाळाला हात लावावा. ‘मी चुकलो’ असे म्हणण्याचे कारण नव्हते.

माणसाला दैवाचा असा निर्विवाद अंमल फार काळ रुचत नाही. १९७९ मध्ये त्याच खेळाच्या पंचांसाठी जो ग्रंथ निघाला, त्यात चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा वगळण्याची सवलत होती. १९८१ मध्ये संगणकावर ‘विझर्ड्री’ हा खेळ आला. त्यात फाशाने मूलगुण ठरत नसत. संगणक काही गुणांची एक राशी यदृच्छेने देई आणि ती कोठे वाटावयाची हे खेळाडू ठरवी. राशी बहुधा लहान असे, क्वचित मोठी निघे. परिणामी असे खेळाडू निपजले की जे मनासारखी राशी मिळेपर्यंत पात्र रद्द करीत आणि पुन्हा मागत. दैवाने एकदा नाही म्हटले तर त्याच्या दाराशी धरणे धरून बसावे, तसा हा प्रकार होता. त्याच वर्षी ‘चॅम्पियन्स’ नावाच्या, मेजाभोवती बसून खेळावयाच्या खेळाने पात्रनिर्मितीतून फासा अजिबात काढून टाकला. प्रत्येकाला सारखीच पुंजी आणि प्रत्येक सामर्थ्याला ठरलेली किंमत, अशी त्याची व्यवस्था. फाशाची जागा बाजाराने घेतली आणि जन्माची जागा जमाखर्चाने.

महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की दैव आणि पुरुषकार यांत श्रेष्ठ कोण. भीष्म त्याला जो जुना संवाद ऐकवितात, त्यात पुरुषकाराला शेताची आणि दैवाला बियाण्याची उपमा दिली आहे. दोहोंच्या योगानेच पीक हाती येते. १९८०च्या सुमारास या खेळांचा तराजू बियाण्याकडून शेताकडे झुकला. ही घटना मोठी होती, कारण तिच्यामुळे खेळाडूला स्वातंत्र्य मिळाले. पण त्या स्वातंत्र्याबरोबर जबाबदारी आली, आणि ती पेलण्यासाठी जे ज्ञान लागते ते मात्र बरोबर आले नाही. आज नवा खेळाडू ज्या दाराशी अडखळतो, त्याचा पाया येथे घातला गेला.

आतापर्यंतच्या खेळांत विचाराला वेळ होता. एकाने चाल करावी, मग दुसऱ्याने करावी, अशी पाळी असे. १९८० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी रचलेला ‘रोग’ हा भुयारांचा खेळही पाळीचाच. त्याच्या वंशातील खेळ विद्यार्थिदशेत मनसोक्त खेळलेला डेव्हिड ब्रेविक हा पुढे आपल्या सहकाऱ्यांसह ‘डायाब्लो’ रचू लागला, तेव्हा तोही प्रथम पाळीचाच होता. प्रकाशक कंपनीने आग्रह धरला की पाळी काढून टाकावी आणि झुंज अखंड चालू ठेवावी. ब्रेविकने आरंभी विरोध केला. नंतर प्रयोगादाखल तो बदल करून पाहिला आणि त्याचे मत पालटले. १९९६ सालच्या अखेरीस ‘डायाब्लो’ बाजारात आला. बोटाने कळ दाबावी आणि त्याच क्षणी वीराने तलवार फिरवावी, हा अनुभव खेळाडूंना विलक्षण आवडला.

त्या दिवशी दोन भिन्न स्वभावांचा विवाह झाला. झुंज वेगवान झाली, तर घडण पूर्वीसारखीच संथ व हिशेबी राहिली. झुंजीतली चूक तत्क्षणी कळते: घाव बसतो, वीर मागे सरतो, हात शिकतो. घडणीतली चूक मात्र दूरच्या गावाहून निघालेल्या पत्रासारखी उशिरा पोहोचते. पहिल्या ‘डायाब्लो’त हा विरोध फारसा बोचला नाही. पेशे तीन, मूलगुण चार, भुयाराचे मजले सोळा. दर पातळीला मिळणारे पाच गुण कसेही वाटले तरी बहुधा निभावून जाई. खरी कसोटी लागली ती जून २००० मध्ये, ‘डायाब्लो २’ आला तेव्हा.

या दुसऱ्या खेळाने विद्यांचा वृक्ष आणला. प्रत्येक पेशाला तीस विद्या, त्या तीन फलकांवर मांडलेल्या. वरची विद्या घेतल्याशिवाय खालची मिळावयाची नाही, आणि काही विद्या तर तिसाव्या पातळीपर्यंत बंदच. ‘सिव्हिलायझेशन’ या १९९१च्या खेळात मानवी शोधांची अशीच शाखाशाखांची मांडणी होती. तीच आता एका माणसाच्या अंगी आली. एकेका विद्येत वीस गुण घालता येत, म्हणजे तीस विद्यांना मिळून सहाशे गुणांची जागा. पण नव्व्याण्णवाव्या पातळीला पोहोचलेल्या वीराच्या पदरीही एकूण एकशे दहा गुणच पडत: पातळ्यांचे अठ्ठ्याण्णव आणि काही कामगिऱ्यांचे बारा. शंभरातल्या ऐंशीहून अधिक जागा रिकाम्याच राहावयाच्या. निवड करणे म्हणजे सोडून देणे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. आणि एकदा घातलेला गुण परत घेता येत नसे.

याचा परिणाम काय झाला, तो पाहा. खेळाच्या तीन श्रेणी होत्या. तिसरीचे नाव ‘हेल’, म्हणजे नरक. त्या श्रेणीत असे शत्रू भेटत की ज्यांना अग्नी मुळीच बाधत नाही, किंवा हिम बाधत नाही. ज्या खेळाडूने आपल्या मांत्रिक स्त्रीला केवळ अग्निविद्येत पारंगत केले होते, ती पहिल्या दोन श्रेणींत अजिंक्य ठरे आणि तिसरीत अग्नीला न जुमानणारा शत्रू पुढे आला म्हणजे निःशस्त्र होई. पुन्हा, २००१ मध्ये आलेल्या पुरवणी खेळात नरकश्रेणीत पाऊल टाकताच वीराच्या अग्नी, हिम, विद्युत् व विष यांविरुद्धच्या प्रत्येक प्रतिकारातून शंभर वजा होत. तोपर्यंत प्रतिकाराकडे लक्ष देण्याची गरजच भासलेली नसे. पहिल्या दोन श्रेणी जणू चुकीचा धडा घोटवून घेत आणि तिसरी त्याची परीक्षा घेई.

त्यात आकड्यांची गुपिते निराळीच. उदाहरणार्थ, मंत्र म्हणण्याचा वेग वाढविणाऱ्या वस्तू खेळात मिळत. टक्के वाढले की वेग वाढणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात हा खेळ सेकंदाला पंचवीस चित्रांच्या गतीने चाले आणि मंत्राची क्रिया पूर्ण चित्रांतच मोजली जाई. म्हणून वेग पायऱ्यांनी वाढे. मांत्रिक स्त्रीच्या बाबतीत त्रेसष्ट टक्क्यांना एक पायरी होती आणि पुढची थेट एकशे पाच टक्क्यांना. मधले चाळीसएक टक्के ज्याने कष्टाने मिळविले, त्याला त्यांचा काडीचाही उपयोग नव्हता. आणि पडद्यावर मात्र याविषयी चकार शब्द नव्हता. मूलगुणांचेही तसेच. चार गुणांत पुंजी हवी तशी वाटण्याची मुभा होती. पण अनुभवी मंडळींचा निष्कर्ष बहुतेक पात्रांच्या बाबतीत एकच निघाला: शस्त्र-चिलखत पेलण्यापुरती शक्ती व चपळाई घ्यावी, मंत्रबळाला हात लावू नये आणि बाकी सर्व प्राणशक्तीत घालावे. ज्या चौरस्त्यावरील तीन रस्ते पुढे बंद असतात, त्याला चौरस्ता म्हणणे ही भाषेची उधळपट्टी होय.

खेळाडूंनी यावर आपापले उपाय शोधले. कित्येकजण गुण खर्चच करीत नसत. तिसाव्या पातळीच्या विद्येसाठी ते साठवून ठेवीत आणि तोवर अर्धपोटी लढत. सावध संसारी माणसाची ही रीत होती. आणि त्या सावधपणालाही एकदा तडाखा बसला. २००३ मध्ये खेळाच्या नियमांत मोठी दुरुस्ती झाली व एका विद्येत घातलेले गुण दुसऱ्या, सहोदर विद्येचे बळ वाढवू लागले. ज्या प्रारंभीच्या विद्यांना जाणते लोक तुच्छ मानीत होते, त्यांनाच आता महत्त्व आले. जुन्या हिशेबाने काटकसरीने घडविलेले वीर नव्या हिशेबात अपुरे ठरले, आणि त्यांना सुधारण्याची सोय नव्हती. घातलेले गुण परत घेऊन पुन्हा वाटण्याची मोकळीक या खेळाने दिली ती २०१० साली, म्हणजे जन्मानंतर दहा वर्षांनी. प्रत्येक श्रेणीत एकदा, अशी तीन वेळा. आणि त्याहून अधिक हवी असल्यास दुर्मीळ वस्तू गोळा करून. दहा वर्षे लक्षावधी माणसे ज्या चुकीची शिक्षा भोगीत होती, ती माफ करण्यास एका दुरुस्तीपत्रकाचा अवकाश होता.

इतर रचनाकारांनी हा धडा आपापल्या परीने घेतला. २००६च्या ‘टायटन क्वेस्ट’मध्ये पैसे मोजून विद्येतले गुण परत घेता येत. २०१२च्या ‘टॉर्चलाइट २’ने शेवटचे तीन गुण तेवढे परत घेऊ दिले, म्हणजे घसरलेले पाऊल सावरता येई, चुकलेली वाट मात्र नाही. सर्वांत धाडसी प्रयोग केला तो मे २०१२ मध्ये आलेल्या ‘डायाब्लो ३’ने. त्याने मूलगुणांची वाटणी खेळाडूच्या हातून काढूनच घेतली. ते आपोआप वाढू लागले. विद्या कोणतीही केव्हाही बदलावी, दंड नाही, मोल नाही. पश्चात्ताप नावाची वस्तूच या खेळातून हद्दपार झाली. नव्या खेळाडूंना हायसे वाटले. परंतु जुन्यांनी जी तक्रार केली तीही निराधार नव्हती. एकाच पेशाचे, एकाच पातळीचे दोन वीर शेजारी उभे केले तर त्यांच्या अंगावरील वस्त्राभरणांखेरीज त्यांत भेद उरत नव्हता. ‘हा माझा’ असे ज्याच्याविषयी म्हणावे, असे त्यात काय राहिले? काही महिन्यांतच त्याच रचनाकारांना कमाल पातळीच्या पुढे आणखी पायऱ्या बांधून द्याव्या लागल्या. चुकण्याचा मार्ग बुजविताना घडविण्याचा आनंदही बुजला गेला होता.

याच्या नेमका उलट मार्ग न्यूझीलंडमधील एका लहान मंडळीने धरला. ‘ग्राइंडिंग गियर गेम्स’ ही त्यांची संस्था २००६ मध्ये स्थापन झाली आणि ‘पाथ ऑफ एक्झाइल’ हा त्यांचा खेळ ऑक्टोबर २०१३ मध्ये पूर्णरूपाने प्रकाशित झाला. त्यांनी विद्यांचा वृक्ष नव्हे, वटवृक्षच लावला. सर्व पेशांना मिळून एकच विशाल आलेख आणि त्यावर तेराशेच्या आसपास बिंदू. सात पेशांचे वीर त्यावर वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहतात आणि तेथून वाट काढीत जातात. सर्व आयुष्यात गुण मिळावयाचे ते सुमारे एकशेवीस. हल्ले व मंत्र यांचा पेशाशी संबंधच नाही. ते रत्नांत असतात आणि ती रत्ने शस्त्रांच्या खाचांत बसवावी लागतात. नवा खेळाडू हा आलेख प्रथम उघडतो, तेव्हा त्याला रात्रीच्या आकाशाकडे पाहिल्यासारखे वाटते; फरक एवढाच की येथे प्रत्येक तारा निवडीची मागणी करीत असतो.

या खेळातील एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण नवख्याच्या अडचणीचे मर्म त्यात आहे. घावाचे बळ वाढविणाऱ्या बिंदूंवर व वस्तूंवर दोन निरनिराळे इंग्रजी शब्द आढळतात: ‘इन्क्रीज्ड’ आणि ‘मोअर’. कोश पाहिला तर दोहोंचा आशय वाढीचाच. खेळाच्या गणितात मात्र ते दोन भिन्न धर्म आहेत. पहिल्या प्रकारचे सर्व टक्के आधी एकत्र मिळविले जातात आणि मग एकदाच लागू होतात. दुसऱ्या प्रकारचा प्रत्येक टक्का स्वतंत्रपणे गुणला जातो. मूळ घाव शंभराचा असेल आणि पहिल्या प्रकारच्या पन्नास टक्क्यांच्या तीन वाढी मिळाल्या, तर घाव अडीचशेचा होतो. त्याच तीन वाढी दुसऱ्या प्रकारच्या असतील, तर तो तीनशे साडेसदतीसचा होतो. शिवाय पहिल्या प्रकारची वाढ जितकी साचत जाते, तितकी तिची नवी भर निस्तेज होत जाते. ज्याला हे ठाऊक आहे तो थोडक्या गुणांत पर्वत उचलतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो तितक्याच श्रमात टेकडीपाशी थांबतो. दोघांच्या बुद्धीत फरक नसतो. एकाला नियमाचा अर्थ कोणीतरी सांगितलेला असतो, एवढेच.

आणि तो सांगणारा बहुधा खेळ नसतो, दुसरा खेळाडू असतो. ‘पाथ ऑफ बिल्डिंग’ नावाचे एक साधन २०१६ मध्ये एका खेळाडूने तयार करून सर्वांस विनामूल्य दिले. त्यात आपल्या वीराची घडण खेळण्याआधी कागदावर मांडावी तशी मांडता येते, आणि अमुक बिंदू घेतला तर घावाचे बळ किती वाढेल याचा हिशेब तत्काळ मिळतो. जे ज्ञान आधी वर्षानुवर्षे ठेचा खाऊन मिळे, ते येथे उजेडात आले. पण त्याचबरोबर एक नवी रूढी दृढ झाली. कोणा निष्णाताने आखलेली घडण जशीच्या तशी घ्यावी, त्याच्या आकृतीबरहुकूम एकेक बिंदू भरीत जावे, आणि खेळ जिंकावा. फाशाचे दैव गेले. त्याच्या जागी गुरूची आज्ञा आली. नवखा आता दारापाशी अडत नाही, परंतु दार कसे उघडले हेही त्याला समजत नाही. निष्णाताने सांगितलेली एखादी वस्तू मिळाली नाही, किंवा नियमांत बदल झाला, की तो पुन्हा तेथेच उभा राहतो.

जपानमधील रचनाकारांनी आणखी एक वाट दाखविली, तिचाही निर्देश केला पाहिजे. २०११च्या ‘डार्क सोल्स’मध्ये गुण चुकीच्या ठिकाणी घालणे सहज शक्य होते; ‘रेझिस्टन्स’ नावाचा एक गुण तर बहुतेकांनी निरुपयोगीच ठरविला. परंतु त्या खेळात शत्रूचा घाव चुकविण्याचे कसब इतके निर्णायक आहे की, दुबळ्या घडणीचा वीरही तयार हाताने शेवटपर्यंत नेता येतो. म्हणजे तेथे घडणीतल्या चुकीचे कर्ज हाताच्या कमाईतून फेडता येते. त्याच मंडळींच्या २०२२च्या ‘एल्डन रिंग’मध्ये तर एका टप्प्यानंतर गुण नव्याने वाटण्याचीही सोय आहे.

या पन्नास वर्षांचा आलेख पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. निवडींची संख्या ही नवख्याची खरी अडचण नव्हे. बुद्धिबळातील चाली मोजता मोजत नाहीत, तरी लहान मूल त्यात रमते. कारण हत्ती कसा चालतो हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते आणि हरलेला डाव दहा मिनिटांत पुन्हा मांडता येतो. घडणीच्या खेळांत स्वातंत्र्य आधी आले. नियमांचा उघड अर्थ आणि चूक दुरुस्त करण्याचा हक्क मागाहून, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी आला. जेथे हे तिन्ही एकत्र नाहीत, तेथे स्वातंत्र्याचे ओझे होते. ‘डायाब्लो २’ने स्वातंत्र्य दिले व बाकीचे दोन रोखून ठेवले. ‘डायाब्लो ३’ने चूक पुसण्याच्या भरात स्वातंत्र्याचाच संकोच केला. ‘पाथ ऑफ एक्झाइल’ने अपार स्वातंत्र्य दिले आणि अर्थ सांगण्याचे काम खेळाडूंवर सोडले.

अलीकडचे रचनाकार हे ओळखू लागले आहेत, असे दिसते. जून २०२३ मध्ये आलेल्या ‘डायाब्लो ४’ने गुणवाटणीचा अधिकार पुन्हा खेळाडूच्या हाती दिला आणि ती वाटणी खेळातल्याच सुवर्णमुद्रा मोजून फिरविण्याची सोय ठेवली. डिसेंबर २०२४ मध्ये ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ पूर्वावस्थेत खुला झाला, तेव्हा त्यानेही तोच मार्ग स्वीकारला; पूर्वी दुर्मीळ वस्तूंनी होणारे काम आता सुवर्णाने होऊ लागले. चूक पुसता येते, पण फुकट नाही. मोल दिल्यावाचून बदल नाही, म्हणून निवडीला वजन राहते. आणि मोल देण्याजोगे आहे, म्हणून पन्नास तास मातीस मिळत नाहीत.

तेव्हा जो नवखा आज या वृक्षापुढे गोंधळून उभा आहे, त्याला इतिहासाच्या आधारे दोन शब्द सांगता येतील. पहिला हा की, तो गोंधळ त्याच्या मंदपणाचा पुरावा नाही. ज्या खेळाने नियम झाकून ठेवले, त्याच्या ऋणातला काही भाग नवखा फेडीत आहे. दुसरा हा की, गुरूची आकृती घ्यावयास हरकत नाही, पण प्रत्येक बिंदूपाशी ‘हा येथे का?’ असे विचारण्याची सवय ठेवावी, आणि एकदोन बिंदू तरी स्वतःच्या मनाने घ्यावेत. ते चुकतील तर थोडे सुवर्ण जाईल. बरोबर निघाले, तर त्या वीराच्या अंगी निदान तेवढे तरी असे असेल, की जे फाशाने दिलेले नाही आणि दुसऱ्या कोणी आखून दिलेलेही नाही.